रानातल्या जुन्या शेतावर पहिल्यांदा मेटल डिटेक्टर नेताना

मशीन घेतलंत, छान! जादा कॉइलचा (जमिनीवर फिरवायच्या चकतीचा) विचार सध्या बाजूला ठेवा. आधी जमीनमालकाची लेखी परवानगी मिळवा. सरकारी रानात परस्पर घुसू नका, बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स-कनेक्टिकटमधलं आजचं दाट रान एकोणिसाव्या शतकात बरंचसं शेत नि कुरण होतं. म्हणून झाडीत दगडी गडगे दिसतात. पण नुसत्या गडग्यामागे धावू नका; जुन्या घराच्या तळघराचा खड्डा शोधा. वसंतात रानात मध्येच लायलॅक (लोक घराजवळ लावायचे ते फुलझाड) फुललेलं दिसलं, तर जवळपास घर होतं असं समजा. दार, विहीर आणि वाट, या पट्ट्यात कॉइल अगदी सावकाश फिरवा.

नवखे हमखास चुकतात ते असे:

- डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सेटिंग) फार वाढवतात. घराभोवती लोखंडी खिळे असणारच, त्यांच्याआड पितळी बटण दडतं. पेयाच्या कॅनची ओढून उघडायची पट्टी आणि जुनं चपटं बटण मशीनवरच्या आकड्यावरून सारखंच वाटू शकतं, तेव्हा सुरुवातीला शंका आली की खणा.
- तांब्याचा मोठा सेंट (१७९३ ते १८५७) सापडला की तिथेच घासतात. अहो, अक्षरंही जातात आणि किंमतही!
- खड्डा उघडा सोडतात. मग मालक पुन्हा उभं करत नाही.

भर उन्हाळ्यात जाऊ नका. झुडपांमुळे कॉइल जमिनीजवळ जात नाही, शिवाय गोचिडी. त्यांच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाचं नाव कनेक्टिकटमधल्या गावावरूनच पडलंय. पानगळीनंतर, जमीन गोठायच्या आत जा. तेव्हाही पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा.