थंडीत सकाळी लॅपटॉप पाच-सहा प्रयत्नांनी सुरू होतो. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. बदलू का?

नका बदलू. आधी अडॅप्टर तपासा.

माझ्याही लॅपटॉपचं हेच होतं. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा जरासा फिरायचा आणि सगळं बंद. सहाव्या-सातव्या वेळी सुरू झाला की दिवसभर काही तक्रार नाही. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे सगळी भिस्त अडॅप्टरवर. दुरुस्तीवाल्याने न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. मी अडॅप्टरचं नाव काढलं, तर दादाने मीटर लावून दाखवला. १९.५ व्होल्ट. "अडॅप्टर ठणठणीत आहे, उगाच डोकं लावू नकोस."

मी लावलं. एका रात्री बंद लॅपटॉप पांघरुणात घेऊन झोपलो, अडॅप्टर गार फरशीवर. सकाळी तेच रडगाणं. दुसऱ्या रात्री अडॅप्टर पांघरुणात, लॅपटॉप फरशीवर. पहिल्याच दाबात सुरू! तीनदा अदलाबदल केली, तिन्ही वेळा तेच.

अडॅप्टरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्रव असतो. वर्षानुवर्षं तो सुकत जातो, आणि गारठ्यात अशा कपॅसिटरचा अंतर्गत रोध आणखी वाढतो. भार नसताना मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण लॅपटॉपने सुरू होताना करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. नुसता मीटर लावून अडॅप्टरला पास करणं म्हणजे गोठ्यात उभ्या बैलाची ताकद ठरवणं. दादा अजून योगायोग म्हणतो. नवा अडॅप्टर घेतल्यावर दोन हिवाळे एकदाही अडलं नाही, तो योगायोग कसा?

तेव्हा तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा आणि पिन बसणारा अडॅप्टर कुणाकडून तरी एका सकाळपुरता मागून आणा.

तुमची बॅटरी जिवंत असेल तर तीही संशयित आहे. लिथियम-आयन बॅटरी थंडीत ढेपाळते. निघत असेल तर काढून नुसत्या अडॅप्टरवर सुरू करून बघा. तारीख-वेळ मागे जात असेल तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा बटणसेल बदला. हे सगळं करूनही अडलं तर बोर्डावरचा एखादा सोल्डरचा जोड तडकलेला असू शकतो, तेव्हा मात्र दुरुस्तीवाल्याकडे जावंच लागेल.

आणि हो, अडॅप्टर स्वतः फोडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो. बाहेरून गारठून आलेला लॅपटॉपही लगेच सुरू करू नका, आत दव धरलेलं असतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.