व्हिस्कीचा संग्रह आता सुरू करावा का?

पुण्याच्या एका सदस्यांनी विचारले आहे की, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मर्यादित आवृत्तीच्या सिंगल माल्ट (मद्य गाळण्याच्या एकाच कारखान्यात, म्हणजे डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) मागवून जपून ठेवल्या तर दहा वर्षांनी त्यांचे चांगले पैसे होतील का, आणि या छंदात अलीकडे नेमके काय बदलले. मी बावीस वर्षे ग्लासगोत राहतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे बाटल्या जमवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी सुरुवात केली तेव्हा संग्रह म्हणजे पायपीट होती. आडगावच्या दुकानात वरच्या फळीवर उन्हाने लेबल फिकट झालेली एखादी बाटली असायची. कोणत्या डिस्टिलरीचे काम कधी थांबले आणि माल कोणत्या पिंपात मुरला हे ज्याला ठाऊक असे, त्याचीच नजर तिच्यावर थबकायची. पोर्ट एलन आणि ब्रोरा या स्कॉटलंडमधल्या दोन्ही डिस्टिलऱ्या १९८३ साली बंद पडल्या होत्या, पण त्यांचा उरलेला माल माझ्यासारख्या नोकरदार माणसालाही वर्षातून एकदा परवडत असे.

२०११ च्या सुमारास केवळ व्हिस्कीचे ऑनलाइन लिलाव सुरू झाले आणि सगळे पालटले. दर महिन्याला हजारो बाटल्या, आणि प्रत्येकीचा मागच्या वेळचा भाव सर्वांसमोर उघडा! अभ्यास नसलेल्यालाही आता काय महाग आहे ते कळू लागले आणि बाटल्या हातोहात पुढे विकल्या जाऊ लागल्या. १९२६ साली गाळून साठ वर्षे पिंपात मुरवलेल्या, मॅकॅलन या स्कॉटिश डिस्टिलरीच्या व्हिस्कीच्या अवघ्या ४० बाटल्या भरल्या गेल्या होत्या. त्यांतली एक २०१८ साली १२ लाख पौंडांना गेली आणि दुसरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे २२ लाख पौंडांना. लिलावात दुसऱ्याला मिळणारा हा नफा डिस्टिलऱ्यांच्याही नजरेतून सुटला नाही. नव्या बाटल्याच सुंदर पेटीत, क्रमांक घालून, चढ्या भावाने येऊ लागल्या. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले, कारण जिची दुर्मीळता आधीच ठरवलेली असते ती बाटली शोधावी लागत नाही, फक्त विकत घ्यावी लागते.

नोव्हेंबर २०२३ चा तो विक्रम पाहून फसू नका. एकूण बाजार २०२२ पासूनच उतरू लागला होता. व्याजदर वाढले, आणि टाळेबंदीच्या काळात हौसेने वा हव्यासाने घेतलेल्या बाटल्या एकदमच विक्रीला आल्या. लिलावाचे कमिशन वजा केल्यावर मूळ खरेदीचे पैसेही सुटले नाहीत अशी माणसे माझ्या परिचयात आहेत. शिवाय ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. जुन्या मालाचे मोल त्याने संपत नाही, पण ‘कायमची बंद पडलेली डिस्टिलरी’ हे वलय उरले नाही.

भाव चढले तशी बनावटही वाढली. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलात १८७८ ची म्हणून ठेवलेल्या मॅकॅलनचा एक पेग ९,९९९ फ्रँकला विकला गेला. कार्बन चाचणीत तो माल १९७० ते ७२ च्या सुमाराचा, आणि तोही ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींचे मिश्रण, निघाला. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेने तपासलेल्या ५५ दुर्मीळ बाटल्यांपैकी २१ खोट्या ठरल्या.

आता पुण्याचे बोलू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य बाळगायला परवाना लागतो, परवान्यालाही प्रमाणाची मर्यादा असते, आणि विक्रीच्या परवान्याशिवाय बाटली विकणे हा गुन्हा आहे. विमानतळावर प्रवाशाला सवलत मिळते ती दोन लिटरपुरती. म्हणजे तुमच्या बाटलीची किंमत कागदावर वाढली तरी ती विकण्याचा रस्ता तुमच्या दारातून जात नाही. त्यातच जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरचे १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले आहे. आज महागात मागवलेली बाटली उद्या पुण्यातल्याच दुकानात स्वस्त मिळू शकेल.

तरीही जमवायचे असेल, तर मी भारतीय माल्टकडे वळण्यास सांगेन. बंगळूरची अमृत २००४ साली पहिल्यांदा विक्रीस आली ती इथेच, ग्लासगोत, आणि तेव्हा तिच्याकडे कुतूहलाने पाहणाऱ्यांत मी होतो. गोव्याच्या कुंकळ्ळीत मुरणाऱ्या पॉल जॉनच्या पिंपातून उष्म्यामुळे वर्षाला सुमारे आठ टक्के माल उडून जातो. स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे गोव्यात जास्त वर्षे मुरलेला माल मुळातच थोडा उरतो, आणि ही दुर्मीळता जाहिरातीने आलेली नाही.

बाटली नेहमी उभी ठेवा, अंधारात ठेवा, आणि पावसाळ्यात लेबलला बुरशी धरू नये म्हणून पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. वाइनसारखी आडवी ठेवली तर मद्यार्क बूच खातो. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली एक बाटली आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे आडवी ठेवलेली होती. उघडताना बूच भुग्यासारखे आत पडले. मलमलच्या फडक्यातून गाळून आम्ही तिघा मित्रांनी ती त्याच रात्री संपवली, आणि तिची चव मला अजून आठवते: मध, जुने लाकूड, आणि शेवटी ओल्या कोळशासारखा हलका धूर.