काढ्याला तण आणि मेथी यातला फरक कळत नाही

तण उगवू नये म्हणून निलगिरीच्या पाल्याचा काढा वाफ्यावर मारला, आठ दिवसांनी कोथिंबीर पेरली, तर कोथिंबिरीचा पत्ता नाही आणि लव्हाळा मात्र वीतभर, हे तुमचं वाचलं आणि धायरीतला आमचा वाफा डोळ्यासमोर उभा राहिला. फक्त आमच्याकडे कोथिंबिरीऐवजी मेथी होती.

आधीच सांगतो, मी शेतकी शिकलेला नाही, बँकेतून निवृत्त झालोय. अनुभव एका प्लॉटचा आहे, त्या मानानेच घ्या.

काढा कसा करायचा ते तुम्हाला येतंच. माझा घोळ काढ्यात नव्हता, चोथ्यात होता. गाळून उरलेला पाला टाकवेना म्हणून 'तेवढंच खत' म्हणत तो त्याच वाफ्यात कुदळीने मिसळला. मारलेलं पाणी एक वेळ निचरून जातं, मातीतले जिवाणूही त्यातलं बरंच पचवतात. चोथा मात्र दर पाण्याबरोबर पाझरत राहिला. मेथी उगवली नाही. मी थेट बियाणेवाल्याकडे जाऊन भांडलो, जुनं बी गळ्यात मारलंत म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "काका, याच पोत्यातलं सगळे नेतात." मी दुसऱ्या दुकानातून बी आणलं. तेही गेलं. मग माती तपासायला दिली. पंधरा दिवसांनी कागद आला, त्यावर सामू, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं झकास. काढ्याचं विचारलं तर टेबलामागचे साहेब मान वर न करता म्हणाले, "त्याचा रकाना नाही." रकाना नाही म्हणजे प्रश्नच नाही, असा तिथला हिशेब.

शेवटी आमच्या सौ.नी विचारलं, "बी घरात उगवून पाहिलंत का?" तीन बशा, प्रत्येकीत ओला टिपकागद आणि मेथीचे वीस दाणे. एकीत साधं पाणी, दुसरीत काढा, तिसरीत दहापट पातळ केलेला काढा. साध्या पाण्यात तिसऱ्या दिवशी मोड. पातळ काढ्यात जवळपास तसंच. दाट काढ्यात दाणे नुसते फुगले, दोघातिघांना मूळ फुटलं तेही टोकाशी तपकिरी. बियाणेवाल्याची माफी मागायला गेलो, तेव्हा त्याने चहा पाजला. जास्तच लाज वाटली.

आणि हे सगळं निलगिरीच्या औषधी गुणाचंच असेल असंही नाही. उकळताना तिचं तेल बरंचसं वाफेबरोबर उडतं. पाणी आटवून दाट केलं की त्यातल्या क्षारांमुळेही बियांना पाणी शोषता येत नाही. खारट पाण्यातही मोड येत नाहीत, म्हणून मिठाला कोणी वनस्पतिजन्य तणनाशक म्हणत नाही.

लव्हाळ्याचं कोडं सोपं आहे. तो बियांवर अवलंबून नाही, जमिनीखालच्या गाठींतून येतो. हरळीही पेऱ्यांतून फुटते. बी रुजू न देणारा काढा तिथे काय करणार? खुरपं घ्या, गाठीसकट काढा, पुन्हा आला की पुन्हा काढा. दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

माझं मत विचाराल तर पेरणीच्या वाफ्यात काढा नकोच. फरसबंदीच्या फटी, कुंपणाची कड, जिथे काहीच पेरायचं नाही तिथे मारा. वांगी-मिरचीची मुळं धरलेली रोपं असतील तर त्यांच्याभोवती ज्वारीचा कडबा पसरा. ज्वारीच्या अंगातही तण दाबणारी द्रव्यं असतात, आणि कडब्याने ऊन अडतं हा वेगळा फायदा. गाजर गवताचा काढा करण्याच्या फंदात मात्र पडू नका. देशात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच झाली, त्याचा अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. फुलावर आलेलं गवत हाताळलं की अनेकांच्या अंगाला खाज सुटते, आणि एकेका झाडाला हजारो बिया असतात. बादलीतून तुम्हीच ते पेराल. पावसात माती ओली असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून उपटा.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांना बॉटलब्रशच्या झाडाची गोष्ट सांगा. त्याच्याखाली तण कमी उगवतं हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एकाच्या लक्षात आलं. त्यातल्या लेप्टोस्पर्मोन या द्रव्यावरून पुढे मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक तयार झालं.

तुमच्या वाफ्यात चोथा गेला असेल तर वरचा थर उपसून कुंपणाकडे टाका, दोन-तीनदा भरपूर पाणी द्या. पुढची पेरणी बशीत मोड आल्यावरच. माती वाफ्यातलीच घ्या, कोथिंबिरीला दहाएक दिवस लागतील. आणि बशीवर झाकण ठेवा. पहिल्या खेपेला माझा कागदच वाळून गेला होता.