‘कोरोनाने मृत्यू’, ‘बाधिताचा मृत्यू’ आणि ‘कोरोनाबळी’

विचारणा अशी आहे : महासाथीच्या बातम्यांत ‘कोरोनाने मृत्यू’, ‘कोरोनाबाधिताचा मृत्यू’ आणि ‘कोरोनाबळी’ हे तिन्ही प्रयोग एकाच आकड्यासाठी येत होते. ते समानार्थी मानावेत का?

माझ्या मते मानू नयेत. ‘कोरोनाने’ मधला ‘ने’ कारण सांगतो. ‘तापाने गेला’, ‘भुकेने गेला’ म्हणताना आपण दोष त्या तापाला, त्या भुकेला देतो. ‘बळी’ त्याहून पुढचा, कारण त्यात बळी घेणाराही आला. ‘बाधिताचा मृत्यू’ मात्र एवढंच सांगतो की गेलेल्या माणसाला संसर्ग होता. तो कशाने गेला, ते यात येतच नाही.

आकडे मोजणाऱ्यांनाही हा भेद टाळता आला नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने सुरुवातीला चाचणी पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक माणूस, पुढे केव्हाही आणि कशानेही गेला तरी, यादीत धरला. एप्रिलमध्ये बरा होऊन जुलैमध्ये अपघातात गेलेलाही त्यात येऊ शकत होता. हे शब्दशः ‘बाधितांचे मृत्यू’ होते आणि वाचले जात होते ‘कोरोनाने झालेले मृत्यू’ म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीपासून २८ दिवसांची मर्यादा घातल्यावर ब्रिटनचा एकूण आकडा एका दिवसात पाच हजारांहून अधिक उतरला.

‘ने’ लावण्याचा अधिकार खरा डॉक्टरने दिलेल्या मृत्यूकारणाच्या प्रमाणपत्राला. आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ असतो, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ. त्यात पहिल्या भागात कारणांची साखळी उलगडायची असते : श्वसनसंस्था निकामी झाली, ती न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया कोविडमुळे. सर्वांत खालच्या ओळीतलं ते मूळ कारण, आणि मोजणी त्याचीच होते. मधुमेह, रक्तदाब दुसऱ्या भागात जातात. म्हणून ‘त्याला शुगर होती, तो कोरोनाने गेलाच नाही’ हा तेव्हा घरोघरी ऐकू येणारा युक्तिवाद बहुतेक वेळा चुकीचा होता. ‘सहव्याधी’ हा शब्द मला यासाठीच आवडतो : ती व्याधी सोबत होती, तिने मृत्यूचा धोका वाढवला असेल, पण साखळीच्या मुळाशी ती नव्हती. ‘हृदय बंद पडून मृत्यू’ हेही कारण नव्हे. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच धर्तीची आहे : कोविडशी जुळणाऱ्या आजारातून आलेला मृत्यू, मध्ये पूर्ण बरं होण्याचा काळ नाही, आणि अपघातासारखं दुसरं स्वच्छ कारण नाही. चाचणीने विषाणू सापडला तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला यू०७.१ हा संकेतांक, केवळ लक्षणांवरून निदान असेल तर यू०७.२. भारतात सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाचणीपासून ३० दिवसांतला मृत्यू, रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोविडमृत्यू धरला. ५० हजारांची सानुग्रह मदत याच नोंदीवर अवलंबून होती. म्हणून कागदावर ‘कोविडमुळे’ हा शब्द आहे की नाही, हा प्रश्न कुटुंबांसाठी व्याकरणाचा राहिलाच नव्हता.

तारखेचा घोळही भाषेतलाच. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदींची पडताळणी करून १,३२८ मृत्यू यादीत घातले, त्यांतले ८६२ मुंबईचे. ते त्या दिवशी झालेले नव्हते. अशा वेळी ‘आज इतके मृत्यू झाले’ ऐवजी ‘आज इतक्या मृत्यूंची नोंद झाली’ हेच लिहायला हवं. एका क्रियापदाचा फरक, पण तो न पाळल्याने लोक विनाकारण धास्तावतात.

‘चाचण्या’ हा शब्दही असाच सैल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आरंभी नमुने किती आणि व्यक्ती किती हे वेगवेगळं देई; एका माणसाचे दोन-तीन नमुने जात, त्यामुळे ‘इतक्या लोकांची चाचणी’ आणि ‘इतक्या चाचण्या’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ब्रिटनने एप्रिल २०२० अखेर दिवसाला एक लाख चाचण्यांचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुमारे १ लाख २२ हजारांतले जवळपास ४० हजार चाचणीसंच नुसते पाठवलेले होते. पाठवलेला संच म्हणजे ‘केलेली चाचणी’ नव्हे.

राहिला ‘अतिरिक्त मृत्यू’. एरवीच्या वर्षांवरून जितके अपेक्षित, त्याहून जास्त झालेले मृत्यू, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ साठी जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख असा अंदाज दिला. भारताचा त्यात सुमारे ४७ लाख होता. अधिकृत कोविडमृत्यू होते ४ लाख ८१ हजार, आणि केंद्र सरकारने अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. या अंदाजात नोंदीतून निसटलेले कोविडमृत्यू येतात, तसे खाट न मिळाल्याने किंवा डायलिसिस चुकल्याने गेलेलेही येतात. म्हणून ‘४७ लाख कोरोनाबळी’ असा मथळा चूक आहे. ‘महासाथीच्या काळातले अतिरिक्त मृत्यू, अंदाजे ४७ लाख’ हे लांब वाटलं तरी तसंच लिहावं.