चालणाऱ्यांसाठी रस्ते आखायचेत : सिव्हिल, आर्किटेक्चर की आणखी काही?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलेलं आहे. आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला आणि तिच्या आजीचं देवळात जाणं बंद झालं, कारण तो ओलांडताच येत नाही. तेव्हापासून ‘मला चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते डिझाइन करायचेत’ हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी म्हणतो, रस्ता इंजिनिअरच बांधतो, मग सिव्हिल घे. ती आर्किटेक्चर म्हणते. यात डिझाइन असं काय असतं? आणि नोकरी कोण देतं?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. हे उत्तर मुलीलाही वाचायला द्या.

तिने जे धरलंय ते खरं काम आहे आणि ते करणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. आजींसारखी जी माणसं धसका घेऊन घरीच बसतात, त्यांची तर कुठेच नोंद होत नाही.

डिझाइन काय असतं, ते तुमच्याच चौकात उभं राहून बघा. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की वळणारी गाडी वेग न उतरवता वळते, शिवाय पायी ओलांडायचं अंतरही वाढतं. तीच गोलाई लहान केली की ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागतो, तिथे पोलीस उभा असो वा नसो. रस्त्याच्या मध्यावर थांबायला सुरक्षित जागा ठेवली, तर आजींना एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात. वेगाचं महत्त्व किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते.

फूटपाथचंही तसंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे तो प्रत्येक गेटपाशी खाली उतरतो, पुढे परत चढतो, मध्येच विजेची डीपी, मग टपरी. गुडघे दुखणारा माणूस ही चढउतार कशाला करेल? तो सरळ रस्त्यावरून चालतो आणि मग लोक म्हणतात, फूटपाथ कोणी वापरतच नाही. खरं तर फूटपाथ एकाच पातळीवर सलग जायला हवा आणि गेटातल्या गाडीने तो हळू चढून ओलांडायला हवा. एवढी एक रेघ बदलायला ड्रेनेज, पावसाचं पाणी, केबल, पार्किंग, दुकानदार या सगळ्यांचा विचार करावा लागतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता पदवी. तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. आयआयटी दिल्लीतल्या प्रा. गीतम तिवारी यांचंच बघा. पादचारी, सायकल आणि रस्ता सुरक्षा या विषयांत देशात आदराने घेतलं जाणारं हे नाव. त्यांची पहिली पदवी आर्किटेक्चरची, पुढे वाहतूक नियोजनात पीएचडी, आणि शिकवलं सिव्हिल विभागात. म्हणजे सुरुवात कुठूनही होते; दिशा ठरते ती पदव्युत्तर शिक्षणात. म्हणून मुलीचा कल बघा. सिग्नलचं गणित, वाहनांची मोजणी, उतार-निचरा यांत ती रमत असेल तर सिव्हिल, आणि पुढे ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक. नागपूरच्या व्हीएनआयटीत तो अभ्यासक्रम आहे. हातात पेन्सिल असली की तिला जागा दिसायला लागत असेल तर बीआर्च, पाच वर्षं, आणि नंतर अर्बन डिझाइन.

तिसरा रस्ता तुमच्या पत्रात नाही, पण तिच्या प्रश्नाला तोच सगळ्यांत जवळचा आहे : बी प्लॅनिंग, म्हणजे नगर नियोजनाची पदवी, चार वर्षं. भोपाळ, विजयवाडा आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये तो आहे. त्यासाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो, त्यात गणित, अॅप्टिट्यूड आणि नियोजनाचे प्रश्न असतात. आर्किटेक्चरसाठी नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर २ए, आणि महाराष्ट्रात सिव्हिलसाठी एमएचटी-सीईटी. जेईईचा फॉर्म भरताना हा दुसरा पेपर वेगळा निवडावा लागतो. बरीच मुलं इथेच चुकतात, तेव्हा फॉर्म तुम्ही स्वतः शेजारी बसून भरून घ्या.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो. महापालिकांच्या कामांसाठी नकाशे करणाऱ्या सल्लागार कंपन्या, आर्किटेक्टची ऑफिसं, शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या आयटीडीपी इंडिया किंवा पुण्याच्या ‘परिसर’सारख्या संस्था, ही कामाची ठिकाणं. सरकारी वाट हवी असेल तर नगर रचना विभागात सहायक नगर रचनाकाराची पदं एमपीएससीतून भरली जातात, आणि महापालिकांत स्थापत्यचे कनिष्ठ अभियंते लागतात. आपला रस्ता कसा असेल हे शेवटी अशाच टेबलांवर ठरतं, त्यामुळे तिच्यासारखी मुलगी तिथे पोचली तर मला विशेष आनंद होईल.

निर्णयाआधी एक करा. एका रविवारी तिला पुण्याला आणा. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद केलेला फूटपाथ चालून बघू दे, आणि मग सातारा रस्त्यावर बीआरटीसोबत (बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेसोबत) केलेले, जागोजागी तुटलेले सायकल ट्रॅकही. एक चांगलं, एक फसलेलं. घरी परतल्यावर टेप घेऊन आजींच्या देवळापर्यंतचा रस्ता मोजायला सांगा : रुंदी, फूटपाथची उंची, गाड्यांमध्ये ओलांडण्याइतकी फट किती वेळाने मिळते. मग स्वतःच्या मनाने तो चौक कागदावर नव्याने काढू दे. मोजण्यात रात्र झालेली कळली नाही तर सिव्हिल, काढण्यात रंगली तर आर्किटेक्चर, आणि ‘पण हा रस्ता इतका रुंद करायचं ठरवलं कोणी?’ असं विचारत बसली तर प्लॅनिंग. तो कागद मला जरूर पाठवा, मी बघून कळवतो.