'नाइटमेअर'मधली घोडी

प्रश्न असा: इंग्रजीत 'मेअर' म्हणजे घोडी, मग 'नाइटमेअर' म्हणजे रात्रीची घोडी का? वाईट स्वप्नात ती शिरली कशी?

मुळात ती तिथे नव्हतीच. आज एकसारखे दिसणारे हे दोन 'मेअर' जुन्या इंग्रजीत वेगवेगळे शब्द होते. आपल्या जोडशब्दातली 'मारे' म्हणजे झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारी हडळ. 'नाइटमेअर' लेखनात दिसतो तो १३००च्या सुमारास, आणि तेव्हा त्याचा अर्थ ती हडळच. नुसतं 'वाईट स्वप्न' हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला.

ही बया बहुतेक जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच वगैरे एका कुळातल्या) भाषांत वावरते. जर्मनमध्ये 'नाख्टमार', नॉर्वेजियनमध्ये 'मारेरिट' म्हणजे तिची स्वारी. आइसलँडिक शब्दाचा अर्थ तर सरळ 'मारानं तुडवणं'; 'मारा' म्हणजे हीच बया. फ्रेंच 'कोशमार'चं शेपूटही तिचंच. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकानं 'इंग्लिंगा सागा' या राजांच्या कथासंग्रहात वानलांडी राजाची गोष्ट दिली आहे. मारा मला तुडवतेय, असं राजा ओरडला. माणसांनी त्याचं डोकं धरलं, तर ती पायांवर गेली, पाय मोडायची वेळ आली. त्यांनी पाय धरले, तर तिनं डोकं असं दाबलं की राजा गेलाच. ही खरी बोकांडी बसणारी!

घोडीचा घोळ फक्त इंग्रजीचाच नाही. डच लोकांनी 'नाख्टमेरी' केलं, आणि त्यातला 'मेरी' म्हणजे उघडउघड घोडी. शब्दाचं मूळ विसरलं की माणसं ओळखीचा शब्द त्यात बसवतात, ती ही लोकव्युत्पत्ती. चित्रकार फ्यूसेलीच्या 'द नाइटमेअर' या १७८१ सालच्या प्रसिद्ध चित्रात तर दोन्ही आहेत: निजलेल्या बाईच्या छातीवर उकिडवं बसलेलं भूत आणि पडद्याआडून डोकावणारं, पांढऱ्या डोळ्यांचं घोड्याचं तोंड.

आता 'मारे'चं आपल्या 'मारणे'शी किंवा बौद्ध कथांतल्या 'मारा'शी नातं जोडायचा मोह होईल. तो आवरावा. या शब्दाच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि नुसत्या उच्चारसाम्यावर मी तरी सोयरीक जुळवणार नाही. नातं हवंच असेल तर पहिल्या पदाकडे बघा. 'नाइट', जर्मन 'नाख्ट', लॅटिन 'नॉक्स' आणि संस्कृत 'नक्तम्' ही सख्खी भावंडं. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं ते नक्त व्रत, त्यातलं 'नक्त' हेच.