वॉन्स्टेडचा वाडा गेला कुठं?

प्रश्न: लेकीकडे लंडनला गेलो होतो, रोज वॉन्स्टेड पार्कात फिरायचो. तिथं म्हणे राजवाड्यासारखं घर होतं, आता एक भिंत पण दिसत नाही. कोणाचं होतं, गेलं कसं? आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे असं जावई सांगतो, खरं का?

उत्तर: जावई बरोबर बोलतोय. जागा तशी जुनी, पहिल्या एलिझाबेथच्या मर्जीतला लेस्टरचा अर्ल तिथं राहायचा, १५७८ मध्ये राणी स्वतः पाहुणी आली होती. पण आपल्या कामाचा मालक म्हणजे जोसाया चाइल्ड, ह्यानं १६७३ मध्ये ती इस्टेट घेतली. ईस्ट इंडिया कंपनीचा लंडनमधला सर्वेसर्वा. अक्रोडाची झाडं काय लावली, माशांची तळी काय खोदली, नुसता पैसा ओतला! आणि तिकडे बसून औरंगजेबाशी पंगा घेतला तो घेतला, मार खाल्ला मुंबईनं. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या बाजूनं लढणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, माझगाव घेतलं, वर्षभर वेढा, शेवटी कंपनीनं माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला. वॉन्स्टेडच्या सेंट मेरी चर्चमध्ये चाइल्डचा संगमरवरी पुतळा आहे, अंगावर रोमन पोशाख आणि डोक्यावर कुरळा विग, पुढच्या खेपेला बघाच.

मोठा वाडा बांधला तो मुलानं, रिचर्डनं, १७१५ च्या सुमारास, २६० फूट लांब, पुढे सहा उंच खांब.

पुढे सगळं कॅथरीन नावाच्या वारसदार मुलीकडे आलं. १८१२ मध्ये तिनं लग्न केलं विल्यम वेलस्ली-पोलशी, म्हणजे असईच्या लढाईत १८०३ मध्ये आपल्या मराठ्यांना हरवणाऱ्या आर्थर वेलस्लीचा सख्खा पुतण्या. लग्नात अंगठीच विसरला म्हणे, ऐन वेळी सराफाकडे माणूस धाडला. दहा वर्षांत गडी कर्जात बुडाला आणि देश सोडून पळाला. जमीन खानदानी करारात अडकलेली, ती विकता येईना, मग जून १८२२ मध्ये घरातलं सामान लिलावात काढलं, बत्तीस दिवस चालला. मागून वाडाच दहा हजार पौंडाला गेला, राहायला नाही हो, पाडून दगड-विटा विकायला! १८२५ मध्ये कॅथरीन पण गेली.

पार्क १८८२ पासून लोकांना खुलं आहे, पालिकेनं घेतलं म्हणून. घराच्या जागी गोल्फ चालतं, मैदानात मोठा खळगा आहे ना, तिथंच वाडा उभा होता. आणि भिंत अगदीच नाही असं नाही, तळ्याकाठची ती मोडकी दगडी गुहा त्याच इस्टेटीची, १८८४ मध्ये आगीत जळाली.